भोकं मोजणं

हीटर काढला तेव्हा कुणीच हळहळलं नाही.
वेंगुर्ल्यात हीटर म्हणजे
मोचेमाडच्या खाडीत नेऊन बसवलेला नळ.
एसी काढला तेव्हा मात्र शेजारचा सलूनवाला
वस्तरा हातात तसाच धरून बाहेर आला:
"गो, मे महिन्यात आत बसून
वांग्यासारखा भाजून घेतलंस काय?"

सड्यावरची शर्यत साडेचार मिनिटांची.
तेवढा घाम परवडतो.

कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ब्लोअरचा काळा डबा,
डब्याच्या जाळीत अडकलेली सुरंगीची सुकी फुलं
(गाडी माझ्याआधी तिघांकडे फिरलेली,
गजरा कुणाचा होता कोण जाणे)
सगळं मासळीच्या काट्यावर ठेवलं.
तेवीस किलो, वर थोडं.
काटेवालीनं सवयीनं विचारलं,
"साफ करून होया काय?"

मग डॅशबोर्डच्या पोकळीत डोकं घातलं.
इंजिन आणि मी, मध्ये एक पत्रा.
कंपनीच्या कागदात त्याला आगीची भिंत म्हणतात.
भिंतीला सात भोकं.
गरम पाण्याच्या पाइपांची दोन, गॅसची दोन,
पाणी ठिबकायचं एक, वायरींचं एक,
आणि ब्लोअरचं ते मोठं, ज्यातून हात घातला
तर थेट सायलेन्सरच्या नळीला चटका.

मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वर एमसील थापलं.
रविवारी शिरोड्याला जाऊन आले.
येताना केसांना पेट्रोलचा वास, कपाळात ठणका,
आणि आरवलीच्या वळणावर
एमसीलचा एक गोळा
सुपारीसारखा पायाशी येऊन पडला.

धाकू कुबल ग्रीस न्यायला आले होते.
साठ वर्षं होड्यांच्या फळ्यांत सूत ठोकून राळ भरणारा माणूस.
वाकले. पत्र्यावर ओली तळहाताची बाजू फिरवली
आणि वारा लागला तिथे थांबत गेले.
"पाणी आत इला तर पाय भिजतत, मानूस जागो जाता.
धूर इलो तर मानूस निजता."

त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला फक्त घासायला लावलं.
ओल्या लाकडाला राळ धरत नाही,
गंजल्या पत्र्याला तुझं ते ट्यूबमधलं काय धरणार?
आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर
त्यांनी भोकांचे आकार काढले,
पुठ्ठ्यावरून ॲल्युमिनियम कापलं, मी रिव्हेट मारले,
कडेनं सीलंटची रेघ ओढली,
आणि त्यांनी थुंकी लावलेल्या अंगठ्यानं ती दाबत नेली,
जिथे रेघ संपली तिथेही थोडी पुढे.
वायरींचं भोक मात्र बुजवू दिलं नाही. तिथे रबर.
"होडयेकय एक खुंटी ठेवूची लागता."

(त्या शर्यतीत मी अकरांत नववी आले.
काच धुक्यानं भरली, आतून तंबाखू चोळायचं विसरले.
ते असो.)

रात्री बॉनेटखाली बॅटरी पेटवून ठेवली.
आम्ही दोघं आत, दारं बंद,
काचांवर माझ्या आईच्या गोधड्या.
सात जागी काळोख.
आणि क्लचच्या वर, कोपऱ्यात,
मोहरीएवढा उजेड.

हे आठवं. हे कुणी पाडलं नव्हतं,
कुठल्याच पाइपसाठी नव्हतं.
बंदरावरून येणारा वारा
इतकी वर्षं बसून तेवढंच खात होता.
कुबलांनी त्यावर करंगळी ठेवली, उजेड गेला.
काढली, आला.
पुन्हा ठेवली. मी काही बोलले नाही.

बुजवून झाल्यावर इंजिन चालू केलं,
दहा मिनिटं तसेच बसून राहिलो.
"माका वास येणा नाय," ते म्हणाले,
"राळेच्या धुरान नाक कधीच मेला.
तू सांग. कसलो येता?"

मी डोळे मिटून ओढून घेतलं.
पेट्रोल नाही. धूर नाही. रबर थोडंसं.
डबा तर मी भंगारात दिला होता, तरी.

"सुरंगीचो," मी म्हटलं.

"मगे बंद झाला," कुबल म्हणाले,
आणि दार उघडायला
काळोखात कडी चाचपू लागले.