पाटी

इद्वाल प्रॉसरच्या नावाची पाटी
आज बसवली लॉन्ड्रीच्या भिंतीवर.
वेल्सचा काळा दगड, इथल्याच खाणीतला,
त्याच्या बापाने जन्मभर फोडलेला.

महापौर म्हणाले, "संगणकयुगाचा अग्रदूत."
मला हसू आलं.
मी नेरिस. ब्याऐंशी साली याच खोलीत
दिवसाला चौदा यंत्रं जोडायचे.
डाख देताना पोळल्याची खूण
तर्जनीवर अजून आहे.

इद्वाल खोक्यावर बसून जेवायचा,
खुर्च्या विकून आम्ही चिपा आणल्या होत्या.
यंत्राची सगळी अक्कल कॅसेटवर.
किरकिरत चढायची पाच-पाच मिनिटं,
आणि मधेच कुणी चहाची किटली लावली
की फ्यूज उडायचा. पाटी कोरी.
तो म्हणायचा, "बरंय. पुन्हा लिहू."

नाताळात दिवाळं निघालं.
पुढं नऊ वर्षं त्याने बस चालवली,
आणि दर पगाराला एक चेक पाठवला
आगाऊ पैसे भरून
यंत्र न मिळालेल्या एकेका गिऱ्हाइकाला.
यादी माझ्या ड्रॉवरमध्ये असायची.
शेवटचं नाव मीच खोडलं;
तोवर त्याला बसमधून उतरवून
दवाखान्यात नेलं होतं.

पाटीवर यातलं काही नाही.
दोन तारखा आहेत,
आणि आडनावात एक अक्षर कमी.

पाथरवट ओशाळला बिचारा.
टोपी काढून उभा राहिला माझ्यापुढे,
जशी काही मीच विधवा.
मी ओल्या दगडावरून बोट फिरवलं,
ते नसलेलं अक्षर चाचपत.
"बरंय," म्हटलं, "पुन्हा लिहा."

आत कुणाचा तरी ड्रायर
कपडे वाळल्याचं सांगत
पीं पीं करत राहिला.