निळी वायर, पांढरी रेघ

नाना पेठेत स्पेअरपार्टांच्या ओळीमागे
एक बोळ आहे, तिथे निसार तांबोळी
माझ्या गाडीचा जबडा उघडून बसलाय.
जुना स्टिरिओ निघाला
अक्कलदाढेसारखा, मुळांसकट.
नवा बसला. पडदा उजळला, चारही दारं बोलू लागली.
डिकीतला मात्र गप्प.

कंपनीनेच बसवलेला सबवूफर तो,
स्टेपनीशेजारी, काळ्या पेटीत
चौदा वर्षं बिनतक्रार घुमलेला.
"गेला तो," शेजारचा सीटकव्हरवाला म्हणाला.
आमच्या गावात कोणाच्याही आजाराचं निदान
कोणीही, न विचारता, चहा संपायच्या आत करतो.

मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो.
कर्वे रस्त्याखाली मॅनहोलमध्ये मांडी घालून
जोड्या जोडल्या : पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी,
पांढरी-हिरवी, पांढरी-तपकिरी, पांढरी-राखी.
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
म्हटलं, मेलेली लाइन वेगळी, झोपलेली वेगळी.

निसारनं वर पाहिलं नाही.
मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन जाड वायरला :
बारा पॉइंट चार. जेवण पोचतंय.
मग सुतळीहून बारीक अशा एकीला : शून्य.
"काका, ह्याला कोणी उठवतच नाहीये.
जुना चालू झाला की ह्याला हाक मारायचा.
नव्याला ठाऊकच नाही, मागे कोणी राहतं."

नव्याच्या पाठीतून त्यानं ओढून काढली
टेपनं तोंड बांधलेली एक वायर,
निळी, अंगावर पांढरी रेघ.
मला हसू आलं. पहिली जोडी.

कार्पेटखालून, दाराच्या पट्टीतून,
सीटबेल्टच्या पायाशी वळसा घेऊन
ती डिकीत पोचेस्तोवर दोन वाजले.
सोल्डरचा धूर, राळेचा वास.
पेटीत एकदाच ठप् झालं,
बंद खोलीत कोणी अंथरुणावर उठून बसावं तसं.

पण उठला तो कण्हत.
इंजिन लावलं की गुणगुण,
पाय दाबावा तसा तिचा सूर चढे.
"अर्थ कुठे घेतलास?"
"ब्रॅकेटला."
"रंगावरच?"
तो ओशाळला, पॉलिश पेपर घेऊन आत वाकला.
अर्थ नीट लागला नाही की सगळं नुसतं गुणगुणतं,
हे वाक्य मी खात्यात इतक्यांदा बोललोय
की त्याला दुसराही अर्थ आहे
हे मला नातीनं हसून सांगावं लागलं.

पेनड्राइव्हवर वसूचा तबला होता,
भरत नाट्य मंदिरामागच्या कुठल्याशा हॉलमध्ये
कोणीतरी मोबाइलवर टिपलेला.
चाट दारांतून येते, ती मला हल्ली
उजव्या कानानं ऐकू येत नाही.
डग्गा मागून आला. सीटमधून, मणक्यातून,
मनगट घासत नेल्यासारखा लांब.
वसूला आता त्या डाव्या हातानं
चमचा धरता येत नाही.

निसार म्हणाला, "सहाशे. वायरचे धरले नाहीत."
मी आवाज एक घर कमी केला, मग परत वाढवला.
घरी जाताना पूर्ण लक्ष्मी रस्ता
मागची नंबरप्लेट खडखडत होती.
उद्या तिला रबर लावायला हवं.