दोन डेसिबल

हनुवटी पट्टीवर, कपाळ पुढं,
डावा डोळा झाकलेला.
"इल्ले नोड्री," गिरिजा अंगडी म्हणते, मग स्वतःच मराठीत,
"लाल फुलीकडं बघायचं. बारका ठिपका चमकला की बटण.
फुली सोडायची नाही."

मला काय सांगता बाई.
एकवीस वर्षं उद्यमबागेत गेज धरून बसलोय.
एकच भोक दहा वेळा मोजतो.
दहाही वेळा तोच आकडा आला, तर गेजवर संशय,
दहाही वेळा वेगळा आला, तर माझ्यावर.

एक ठिपका ठसठशीत, भट्टीतनं उडाल्यासारखा.
पुढचा इतका मंद की
दिसला, का दिसावा असं वाटलं?
दाबलं.

सहा मिनिटांनी ती पडदा वळवते.
माझ्या डोळ्याची मागची भिंत,
निपाणीच्या तंबाखूचं पान उजेडाला धरावं तशी.
वर आकडे. अठ्ठावीस, सव्वीस, अठ्ठावीस.
डेसिबल म्हणे.
आमच्याकडं ते कानाला असतात.

आणि मधोमध निळ्या टिंबांचा घोळका,
ते माझं एकटक बघणं.
"हललोच नाही मी."
"न हलणारा डोळा अजून आला नाही इथं."

एक ठिपका तिनं मुद्दाम आंधळ्या जागी टाकलेला,
जिथनं नस मेंदूकडं जाते,
जिथं कुणालाच काही दिसत नाही.
तिथंही मी बटण दाबलेलं.
न मोजता आकडा लिहावा तसं.
असा एकदाच लिहिला होता, दिवाळीच्या आदल्या पाळीला.
ते हिला कुठनं कळणार.

चहा. पंधरा मिनिटं. पुन्हा हनुवटी.

भरमा माझ्या शेजारी ओतकाम करायचा.
आता बोलताना माझ्या कानाकडं बघतो.
"सरळ बघितलं की तोंडच जातंय तुझं."
गेल्या वर्षीपेक्षा यंदा त्याचं दोननं कमी भरलं.
खरंच कमी झालं,
का त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं?
हे सांगायला कुणाचा तरी धड डोळा लागतो,
आणि तो धड डोळा किती खोटं बोलतो
ते आधी लिहून ठेवावं लागतं.

पुढचा मंगळवार. पिरनवाडीहून तोच टेंपो, तेच स्टूल.
अठ्ठावीस, अठ्ठावीस, सव्वीस.
घोळका जरा डावीकडं सरकलाय.
आंधळ्या जागी या वेळी हात गप्प.
गिरिजा दोन कागद शेजारी ठेवते, वजाबाकी करते.
"चांगलं आहे. दोनच्या आत."

खाली फाटकाशी भरमा उभा.
"काय निघालं?"
"धड डोळा बी दोनपर्यंत इकडंतिकडं होतोय."
"मग माझं बी दोनच की."

मी मान हलवली.
दिसली का नाही कुणास ठाऊक,
म्हणून मोठ्यानं म्हटलं, होय.
तो माझ्या कानाकडं बघत राहिला,
एकटक,
जरा जरा हलत.