पाच नंबर

सोमवार आणि गुरुवार.
पहाटेची एसटी हुकली तर सरकीचा मेटॅडोर,
क्लीनरच्या जागेवर मी, मांडीवर डबा.
डाव्या मनगटाच्या वर, कातडीखाली
एक माशी अडकल्यासारखी भणभणत असते.
तिच्यावर बोट ठेवलं की कळतं, आपण चालू आहोत.

मी ब्लाउज शिवते. चोवीस वर्षं झाली.
तेजराव सुया टोचतो, सोळा नंबरच्या, दोन.
मी म्हटलं, जाड कापडाला माझ्याही मशीनला सोळाच लागते.
तो हसला. तेव्हा हसायचा.

शेजारच्या खाटेवर गुंफाबाई डाबेराव.
आमच्या दोघींच्या गावचं बोअरचं पाणी खारं,
आणि डॉक्टर सांगतात, मीठ सोडा.
गुंफाबाई म्हणते, "आपुन सोडलं मीठ,
मिठानं आपल्याले सोडलं काय बाप्पा?"

पोळ्याच्या आठवड्यात माझा कागद आला.
बी नाही. सी आहे.
तेजराव कागदाशीच बोलला,
बाई, पुढच्या वेळेपासून पाच नंबर.

पाच नंबर कोपऱ्यात, संडासच्या दाराशी,
हिरव्या पडद्यामागे.
तिथे आधी हमीदखाँ असायचे, बॅन्जो पार्टीतले.
मी पडद्याकडे पाठ करून निजायची.
वर्षभर. हे सांगायला हवं.
ती जागा रिकामी कशी झाली, तेही मी विचारलं नाही.

कुठून आलं, कोणी सांगत नाही.
औषधाच्या एकाच बाटलीतून, घाईत न बदललेल्या हातमोज्यातून,
की चढवलेल्या रक्तातून.
जिल्ह्याहून गाडी आली, चहा पिऊन गेली.
मला एवढंच ठाऊक आहे:
लाल खण शिवून झाला की सुईला एखादा तंतू राहतो,
मग पांढऱ्यावर पहिल्या चार टाक्यांत दिसतो.
त्यात सुईचा दोष नाही, खणाचा तर नाहीच.
विचारायचं तर सुई पुसणाऱ्याला,
आणि तो तेजराव,
पाच मशिनींना एकटा, चार महिने पगार नसलेला.
त्याला मी पोराच्या बारशाचं झबलं शिवून दिलंय.

घरी कोणी ताट वेगळं काढलं नाही.
बाराव्या दिवशी नळ येतो आमच्याकडे,
तरी सून माझ्या एका पेल्याला
दोन तांबे पाणी घालते.

नऊ ब्लाउज परत गेले,
मापाची चोळी तशीच घडीत.
सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको हळूच म्हणाली,
सुई लागते का हो तुमच्या बोटाला, कधी?
चोवीस वर्षांत
लागली नाही, असं कसं सांगू?

मग बारा आठवडे गोळ्या,
आणि आणखी बारा आठवडे नुसती वाट.
नवा कागद म्हणतो, विषाणू सापडत नाही.
पण किटवर दुसरी रेघ उमटतेच.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका,
रोग गेलाय, ही शरीराला राहिलेली आठवण.
रजिस्टरात आठवणीला रकाना नाही.
म्हणून मी अजून पाच नंबर.

दोन नंबरवर आता एक पोरगा येतो,
आयटीआयचा, मिशी नुकती फुटलेली.
पडद्याकडे पाठ करून निजतो.
मी त्याला काय म्हणणार.

पडद्याची खालची शिवण उसवली आहे वीतभर.
तिथून गुंफाबाईची निळी चप्पल दिसते.
उजवा हात माझा चार तास मोकळाच;
सुईदोरा आणते मी डब्याच्या पिशवीत.
दोन महिने झाले, आणते आणि परत नेते.
शिवावी
की आणखी थोडी उसवावी, ठरत नाही.

"वच्छला," पलीकडून आवाज येतो,
"कितीक रायलं व तुहं?"
मी मशीनवरचे आकडे बघते.
एक तास दहा मिनिटं.