सोयरसुतक

गजाभाऊजी गेले मंगळवारी.
शनिवारी मिरजेच्या दवाखान्यातून फोन:
वृषालीला मुलगा झाला, पावणेतीन किलो.
घरात पेढे आणायला कुणी उठेना.

गुरुजींना विचारलं.
हरिपूरच्या चिंचेखाली उभ्या उभ्याच
बोटांची पेरं मोजत म्हणाले,
सुतकातच सोयर आलंय, वहिनी,
आधीच्याच दहा दिवसांत दोन्ही फिटेल.
जणू एकाच गिऱ्हाइकाची दोन बिलं.

तोवर देवाला हात लावायचा नाही.
देव्हाऱ्यावर पंचा टाकला.
तेवीस वर्षं रोज दिवेलागणीला मी तिथं बसते,
वात सारखी करते,
मागायचं ते देवाकडं मागते,
मागायची लाज वाटते ते वातीला सांगते.
आता वातच नाही.
म्हणून मागल्या दारी जाऊन बसले,
पेवाच्या तोंडाशी.

पेव भाऊजींचं.
महापुरानंतर गावातली बहुतेक बुजली,
यांनी हे एक ठेवलं, हळद नसतानाही.
उतरायच्या आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला की वर ओढायचे,
तंबाखू मळत बसायचे,
परत सोडायचे.
आतल्या हवेशी भांडायचं नसतं, म्हणायचे,
झाकण उघडं ठेवायचं, ती आपली निघते.
एवढंच त्यांचं अध्यात्म.
देवळात दिसले ते श्रावणी सोमवारी,
तेही प्रसादाला.

सातव्या दिवशी जाऊबाई शेजारी येऊन टेकल्या.
म्हणाल्या, पोराचे कान ह्यांच्यासारखेत म्हणे, सुपाएवढे.
आणि हसल्या.
हसता हसता तोंडावर पदर दाबला,
चोरून खाताना सापडल्यासारखा.
मी म्हटलं, हसा की.
मग जे रडल्या,
तसं पहिल्या दिवशीसुद्धा रडल्या नव्हत्या.
पाठीवर हात फिरवत होते मी,
हातालाही कळेना
यातला हुंदका कुठला नि हसू कुठलं.

संगमेश्वराच्या घाटावरून बघा कधी.
पावसाळ्यात कृष्णा वेगळी दिसते, वारणा वेगळी:
एक गढूळ, एक त्याहून गढूळ.
पुढं अंकलीच्या पुलावर कुणालाही विचारा,
एकच नदी म्हणतील.

लहानपणापासून ऐकत आले,
अमक्याला तमक्याचं काही सोयरसुतक नाही.
ती शिवी आहे हे कळायला
सत्तेचाळीस वर्षं लागली.
देवाला म्हणे दोन्ही नसतं.
मग पंचाखाली दहा दिवस
तो काय करत होता?
मला वाटतं, पाळत होता.

अकराव्या दिवशी पंचा काढला.
देव घासले, समई घासली.
वात लावली आणि मागायचं काहीच सुचेना,
तशीच बसले, बराच वेळ.

भाऊजींच्या पेवातली शेवटची हळद
डब्याच्या तळाशी होती, अजून रंग धरून.
जाऊबाईंना म्हटलं, मिरजेला न्या,
बाळंतिणीच्या दुधात घाला.
डब्यात हात घालताना त्या थबकल्या,
दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
मग पुडी बांधली.
बोटं पिवळी झाली.
धुवायला उठल्या नाहीत.