बस

उत्तरायणाच्या तिसऱ्या दिवशी
खंडेराव मार्केटमागच्या आमच्या गल्लीत
मागच्या पायाला मांजा गुंडाळून ती कुंईकुंई करत होती.
मांजा मी कापला, नाव शेजारच्या हंसाबेननी ठेवलं.
रंग बघा ना, म्हणाल्या, तव्यावर राहून गेलेली भाखरी.
घर मात्र तिचं तिनंच निवडलं: जिना.
खाली मी, वर थोरले दादा,
मधल्या सतरा पायऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत.

डॉक्टर पारेख म्हणाले, तीनच गोष्टी सांभाळा.
मी विजेच्या बिलामागे लिहून घेतल्या.
एका कामाला एकच शब्द.
शाबासकी लगेच, दोन श्वासांच्या आत;
उशिरा दिलेलं बक्षीस भलत्याच गोष्टीला जाऊन चिकटतं.
तिसरीवर चहाचा कप ठेवला गेला, शाई फुटली.

एक शब्द! आमच्या घरात!
मी म्हणायचो बस,
हंसाबेन बेस,
पुतण्या बंगळूरहून फोनवर, सिट, सिट,
दूधवाला, बैठ जा बेटा,
आणि ती बिचारी चारी भाषांत उभी.
शेवटी वहिनींनी जिन्यातच मतदान घेतलं.
दूधवाला तटस्थ राहिला.
बस निवडून आला.

ढकलून बसवायचं नाही.
चण्याची मूठ नाकावरून हळू मागे न्यायची,
डोकं वर जातं, बूड आपोआप टेकतं.
अकरा दिवस लागले, आणि पाव किलो चणे
(त्यातले अर्धे दादांनीच खाल्ले).

मग लक्षात आलं, हा शब्द रिकामा नव्हता.
पानात भात पडताना मी म्हणालो, बस गं,
टेबलाखाली ती बसली.
वहिनी म्हणाल्या, सुरतेची बस चुकली,
ती बसली.
हंसाबेन फोनवर कुणाला तरी, बस, मजामां,
खिडकीखाली ती बसली.
प्रत्येक वेळी मान वर: चणा?
आम्ही बोललेल्या शब्दाचे देणेकरी झालो.
खिशात चणे ठेवून बोलू लागलो,
जरा मोजूनच.

ज्येष्ठातल्या एका सकाळी मोटरवरून पेटलं.
कोण चालू करतं, कोण बंद करत नाही,
बिल कोण भरतं, आणि तिथून
अण्णांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं
इथवर आम्ही चार मिनिटांत पोचलो.
दादा सातव्या पायरीवर, मी तिसऱ्या.
बोट रोखून ते ओरडले,
बस!

पाचव्या पायरीवर ती बसली.
पायरी अरुंद, बूड अर्धं हवेत,
शेपटी भिंतीवर टपटप,
तरी इतकी नीट ती कधीच बसली नव्हती.
आणि मान वर. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

एक श्वास गेला.

रोखलेलं बोट खाली आलं,
सदऱ्याच्या खिशात चाचपत राहिलं.
निघाला एक, फोलपटासकट.
दिला. शाबास म्हणाले,
रागाच्याच आवाजात,
आवाज बदलायला वेळ मिळाला नव्हता.

ती उठेना.
उठायला काय म्हणायचं ते आम्ही शिकवलंच नव्हतं,
कदाचित तीच ती तिसरी गोष्ट.
तिला ओलांडून त्यांना खाली येता येईना,
मला वर जाता येईना,
म्हणून ते टेकले, मीही टेकलो,
आपापल्या पायरीवर,
अण्णांच्या रात्रींचा हिशेब तसाच अर्धवट,
आणि गच्चीवर टाकी भरून
पाणी पन्हळीतून गल्लीत पडत होतं,
हंसाबेन खालून हाका मारत होत्या,
मोटर चालूच होती,
दोघांपैकी कुणाला तरी उठायला हवं होतं.