तराई

नाव सिल्वेस्टर. जन्म एकतीस डिसेंबरचा,
म्हणून फादरनी त्या दिवसाच्या संताचं नाव दिलं.
गावाच्या जिभेला ते पेललं नाही.
नव्वदीला टेकेपर्यंत तो शिलू मिस्त्रीच राहिला,
आणि आमचा बा.

दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्याच्या कडेचं गाव.
विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
आणि त्या पाण्यात कालवलेला गिलावा
दोन उन्हाळ्यांत पापडासारखा सुटतो.
बा आधी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा,
डोळे मिटून घोळवायचा.
घरमालक म्हणे, पोरगी पाहून राह्यला का मिस्त्री?
खारं लागलं की थुंकायचा.
"टँकर आणा. नाही तं मी चाललो."

काळ्या मातीवरही त्याचा भरवसा नव्हता.
पावसात फुगते, वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते,
भिंतीला धरते आणि सोडते.
"मुरूम लागेस्तोवर खंदा," एवढंच बोलायचा.
आठ फूट, कधी अकरा.
पैसा मातीत चालला म्हणून लोक कुरकुरत.
मुरूम लागला की तो चप्पल काढून खड्ड्यात उतरे,
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा,
मग पहिला दगड बसवे.
मारुतीच्या ओट्यालाही तसंच, विहाराच्या पायऱ्यांनाही.
एकदा पुजाऱ्याच्या पोरानं टोकलं, तर म्हणाला,
"वर ज्याचं त्याचं. खाली मुरूम एकच हाये, बाप्पा."

संध्याकाळी सिमेंटनं तडकलेल्या बोटांत जपमाळ.
नमो मरिये कृपापूर्णे...
तिसऱ्या दशकात त्याला डुलकी लागे,
आई, फिलोमिना, कोपरानं ढोसे,
तो दचकून थेट पाचव्यापासून सुरू करी
आणि आम्ही सहा भावंडं हसू दाबत बसू,
दहा-पंधरा मणी फुकटात सुटले म्हणून.

रागीट होता. वाकडा थर दिसला की लाथेनं पाडायचा.
मोठा भाऊ आंद्रू हाताखाली टिकला नाही,
नागपुरात वॉचमन झाला.
त्यानंतर बा दर रविवारी मिस्सा सुटल्यावर
एसटी स्टँडवर अर्धा तास उभा राहायचा.
कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.

माझ्याकडे तराई. सातव्या वर्षापासून.
नवी भिंत, एक मडकं, दिवसातून तीनदा.
"एकवीस दिवस तिले तहान लागू देऊ नको."
माझ्या लग्नात जावयाला मांडवाबाहेर नेऊन
त्यानं हेच सांगितलं, तितक्याच गंभीरपणे.
नवरा अजून विचारतो,
तुझे वडील तेव्हा कशाबद्दल बोलत होते गं?

साऱ्या गावाची घरं बांधली,
आमच्या घरावर मात्र कॉलमच्या सळया
चाळीस वर्षं उघड्या.
वरचा मजला पोट्ट्यांसाठी, म्हणायचा.
गंजू नयेत म्हणून सळयांवर बाटल्या उपड्या घातलेल्या.
रात्री वारा सुटला की किणकिणत,
आई अंधारात म्हणे,
"आयका, तुमचा मजला वाजून राह्यला."

उपवासकाळात गेला,
झावळ्यांच्या रविवाराआधीच्या गुरुवारी.
फादर तेल लावत होते
आणि त्याचा उजवा हात चादरीवर
गिलावा घोटल्यासारखा फिरत होता.

कबर खणणारे पाच फुटांवर थांबले, घाम पुसला.
आंद्रूनं त्यांच्या हातून कुदळ घेतली.
कुणाशी बोलला नाही.
साडेसात फुटांवर पिवळा मुरूम लागला,
तेव्हा त्यानं बूट काढून वर फेकले.

कबरीच्या गिलाव्याचं पाणी मी चाखून घेतलं.
रोज मडकं घेऊन जाते.
आज तेविसावा दिवस.
नवरा म्हणतो, एकवीस झाले की.
मी म्हणते, ऊन फार आहे.